दारातली दोरी आणि दहा रुपयांची नोट: काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला उशीर झाला आहे, पण तुम्ही दुरुस्त करवून घेतलेल्या आमच्या इन्सर्टने, म्हणजे फायरप्लेसमध्ये बसवलेल्या लाकडाच्या स्टोव्हने, एक पूर्ण हिवाळा निभावल्यावरच लिहायचे, असे मी ठरवले होते. पत्र उघडे ठेवते आहे, कारण न्यू हॅम्पशायरसारख्या थंड मुलखात जुने घर घेणाऱ्या आणि त्याबरोबर जुना लाकडाचा स्टोव्हही पदरात पडणाऱ्या मराठी कुटुंबांना तुमचे सांगणे उपयोगी पडेल.

गेल्या ऑक्टोबरात तुम्ही सहज चहाला आला होतात. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसच्या कोनाड्यात बसवलेला तो लोखंडी इन्सर्ट घराच्या आधीच्या मालकांनी वापरलेला होता आणि त्याच्या पट्टीवर २००९ हे साल होते. हवेची कळ पूर्ण बंद केली तरी जाळ भडकलेलाच राहायचा, रात्री दहाला भरलेली मेपलची लाकडे एकच्या आत संपायची आणि काचेचा खालचा डावा कोपरा रोज काळा व्हायचा. लाकडे ओली असतील, अशी माझी समजूत होती. तुम्ही एक ढलपी मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूला मीटर टोचलात, तर ओलावा १७ टक्के, म्हणजे वीसच्या आतच निघाला. मग टॉर्च मागून तुम्ही गुडघ्यांवर बसलात, आत वर पाहिलेत आणि म्हणालात, "आज हा पेटवायचा नाही." बाहेर कडाका होता, घरात लहान मूल होते आणि मला त्या वेळी तुमचा रागच आला होता. आज सर्वांत आधी आभार मानायचे आहेत ते त्याच एका वाक्याचे.

छताकडचा बॅफल, म्हणजे जाळ सरळ धुराड्यात जाऊ नये म्हणून आडवी बसवलेली व्हर्मिक्युलाइट या उष्णता सोसणाऱ्या खनिजाची फळी, मागच्या बाजूने फुटली होती. बहुधा कोणीतरी लांब ओंडका जोरात ढकलला असावा. तुम्ही ती फळी अलगद खाली उतरवलीत, तेव्हा तिच्यावर साचलेली कोरडी काजळी निघाली, जवळजवळ अर्धे घमेले. आधी कधीतरी धुराडे झाडणाऱ्याने बॅफल न काढताच ब्रश फिरवला होता आणि खाली पडलेला सगळा क्रिओसोट, म्हणजे धुरातून साचणारा आणि पेट घेऊ शकणारा थर, तिथेच राहिला होता. त्याच्याखाली आम्ही तीन आठवडे जाळ करत होतो. हे लिहितानाही माझ्या पोटात गोळा येतो.

बॅफलखालच्या तीन नळ्यांचे कामही मला तुमच्यामुळेच कळले. त्या नळ्यांच्या भोकांतून तापलेली हवा येते आणि जाळातून निसटलेला धूर वरच्या वर पुन्हा पेट घेतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ पर्यंत उत्प्रेरक नसलेल्या स्टोव्हसाठी तासाला ७.५ ग्रॅम धूलिकणांची मर्यादा ठेवली होती. ती या दुसऱ्या ज्वलनाच्या जोरावरच पाळता येते, आणि बॅफल फुटलेला असला की तो स्टोव्ह म्हणजे नुसती लोखंडी पेटी, हे तुम्ही फार सोप्या शब्दांत सांगितलेत. मधली नळी तापून वाकली होती. ती काढण्याआधी तुम्ही तिन्ही नळ्यांवर खडूने १, २, ३ असे आकडे घातलेत, कारण प्रत्येकीची भोके वेगळी असतात आणि अदलाबदल झाली तर जाळ बिघडतो. गंजून बसलेल्या बोल्टवर तेल सोडून तुम्ही तो रात्रभर तसाच ठेवायला लावलात. सकाळी तो पान्याच्या एका झटक्यात सुटला. आदल्या रात्री मी जोर केला असता तर त्याचे डोके नक्की तुटले असते.

खर्च कुठे करायचा नाही, हेही तुम्ही तितक्याच आग्रहाने सांगितलेत. मी अग्निरोधक विटांचा पूर्ण संच मागवायला निघाले होते. तुम्ही एकेक वीट हाताने हलवून पाहिलीत आणि नुसती चीर गेलेली, पण जागेवर घट्ट असलेली वीट चालते, असे सांगून फक्त भुगा झालेल्या दोन बदलायला लावल्यात. काचेच्या बाबतीत मात्र तुम्ही पैसे वाचवू दिले नाहीत. कोपऱ्याला टवका उडालेल्या काचेऐवजी मी जवळच्या दुकानातून टफन्ड काच कापून आणणार होते. ती साधारण २५० अंश सेल्सियसच्या पुढे भरवशाची नसते आणि इथे ७०० अंशांपर्यंत टिकणारी सिरॅमिक काचच लागते, हे तुम्ही सांगितले नसते तर पहिल्याच मोठ्या जाळाला ती फुटली असती. तिच्या पट्ट्यांचे स्क्रूही तुम्ही बोटांनी बसवून वर अगदी थोडेसेच पिळलेत.

खरा दोष स्टोव्हच्या दाराच्या कडेने खाचेत बसवलेल्या, हवा अडवणाऱ्या दोरीत होता. काचतंतूंची ती दोरी दबून दगडासारखी झाली होती आणि डाव्या बाजूने दारात हवा शिरत होती. मी जाड म्हणजे जास्त घट्ट, असे समजून पाच-अष्टमांश इंचाची दोरी आणली होती. तुम्ही कंपनीच्या माहितीपत्रकातले माप शोधून काढलेत, अर्धा इंच, आणि जाड दोरीने दार नीट बसत नाही, उलट बिजागऱ्यांवर ताण येतो, हे दार लावून दाखवलेत. मग मला मास्क लावायला सांगून जुनी दोरी ओली करून काढायला लावलीत आणि खाचेतला सिमेंटचा कण न् कण तारेच्या ब्रशने घासून घेतलात. नवी दोरी बसवताना तुमचे हात माझ्या डोळ्यांसमोर आहेत: ती कुठेही न ओढता, उलट किंचित आत सरकवत तुम्ही बोटाने दाबत गेलात, कारण ओढली की ती बारीक होते. अर्ध्या दारापर्यंत तुम्ही केलेत आणि उरलेले अर्धे माझ्याकडून करवून घेतलेत. पुढच्या वेळी मला एकटीला जमावे म्हणून तुम्ही हात मागे घेतलात, हे मला कळले होते.

दुसऱ्या दिवशी सिमेंट वाळल्यावर तुम्ही पाकिटातून जपून ठेवलेली दहा रुपयांची नोट काढलीत, ती दारात धरून दार लावलेत आणि मला ओढायला सांगितलेत. चारही बाजूंनी, प्रत्येक वीतभर अंतरावर. नोट कुठेच सरकली नाही.

धुराड्यातल्या पोलादी नळीला मात्र तुम्ही हात लावला नाहीत. ते काम परवानाधारक माणसाचेच, असे म्हणून तो येईपर्यंत तुम्ही मला थांबवलेत, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बदलल्याशिवाय काडी ओढू दिली नाहीत. डिसेंबर २००८ च्या हिमवादळात राज्यातल्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती, तेव्हा घरात लाकडाचा स्टोव्ह असणे म्हणजे काय असते, हे तुम्ही त्या थांबलेल्या दिवसांत सांगितलेत. जानेवारीत आमची वीज अकरा तास गेली. गरम हवा खोलीत ढकलणारा ब्लोअर बंद होता, तरी मुलाच्या अंगावर एकच पांघरूण पुरले. पहाटे पाचला राख सारली तेव्हा खाली लाल निखारे होते.

या वर्षीच्या तपासणीसाठी धुराडेवाला सप्टेंबरमध्ये येणार आहे. बॅफल मी आदल्या दिवशीच काढून ठेवीन. तुमचा तारेचा ब्रश अजून माझ्याकडेच आहे आणि ती नोट मी इन्सर्टच्या माहितीपत्रकात ठेवली आहे. दोन्ही न्यायला काकूंना घेऊन या.

आपली नम्र,
रस्त्यापलीकडची शेजारीण