कच्चा लिंबू आणि तीन फ्रेम

रामबाग, इंदूर
रविवार, रात्रीचे पावणेबारा

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझं गेम-परीक्षणाचं चॅनल कसं चाललंय?" आणि मी "मस्त" म्हणून विषय बदलला. कारण एवढंच की आई शेजारी मटार सोलत बसली होती, आणि लेकाचं मस्त चाललंय असा तिचा समज आहे. मग रात्री, तुलाही चॅनल काढायचंय म्हणून, तुझी खरेदीची यादी आली: कॅमेरा, रिंग लाइट, लाल पट्ट्यांची ती गेमिंगची खुर्ची. यादी वाचली आणि म्हटलं, आता सविस्तर लिहायलाच हवं. लेका, इतक्यात काही घेऊ नकोस.

मीही यादीपासूनच सुरुवात केली होती. जेल रोडवरच्या एका दुकानातून साडेतीन हजारांचा माइक आणला. दुकानदार म्हणाला, "भिया, इसमें सुई गिरने की आवाज भी आएगी." खोटं नाही बोलला. सुई आली, वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या आल्या, पंखा आला आणि सकाळी कचरागाडीचं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आलं. कंडेन्सर माइक होता तो. खोलीत जे काही वाजत असेल ते सगळं गोळा करतो. आपल्यासारख्या घरांत डायनॅमिक बरा. तोंडापासून चार बोटांवर धरावा लागतो, पण लांबचं कमी ऐकतो. हे मला पैसे गेल्यावर माहीत पडलं. आता रात्री साडेअकरानंतर, पंखा बंद करून, आजीची जुन्या लुगड्यांची गोधडी डोक्यावरून घेऊन बोलतो. आवाज इतका स्वच्छ येतो की एकाने विचारलं, स्टुडिओ कुठे आहे. घाम किती येतो ते कोणी विचारलं नाही.

पहिला व्हिडिओ 'राजी'वर केला. 2020 साली आलेला गेम, आणि करणारे नॉडिंग हेड्स तुमच्या पुण्याचे. आपल्याकडचा गेम, मराठीत परीक्षण, म्हटलं लोक तुटून पडतील. बावीस मिनिटं बोललो. राजी नावाची मुलगी, तिचा हरवलेला भाऊ गोलू, दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दिसतात. सगळं सांगितलं आणि शेवटी गुण दिले: ग्राफिक्स आठ, संगीत आठ, गेमप्ले सात, कथा साडेसात. एकसष्ट जणांनी पाहिला. त्यातले अकरा आमच्या घरच्या ग्रुपवरचे. यूट्यूब एक आलेख दाखवतं, माणसं कुठपर्यंत थांबली त्याचा. माझा आलेख चाळिसाव्या सेकंदालाच घसरगुंडीवर बसला.

बाबांनी मात्र पूर्ण पाहिला. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण नाटकं त्यांनी आयुष्यभर पाहिली आणि वर्तमानपत्रातली परीक्षणं कात्रणं काढून ठेवली. चष्मा पुसत म्हणाले, "हे तू खोक्यावरचं वाचून दाखवलंस. नेपथ्याला आठ, संगीताला सात, असं कोणी लिहितं का? दुसऱ्या अंकात नाटक कुठे ढेपाळलं आणि का, ते लिहितात."

दोन दिवस राग आला होता. मग मी माझंच फुटेज पुन्हा लावलं. राजीत कॅमेरा लांब उभा असतो. महाल, पाणी, शिल्पं एखाद्या चित्रासारखी पडदाभर पसरतात, आणि ती छोटीशी पोर त्यात मुंगीएवढी. मी त्याचंच कौतुक करत होतो. पण त्याच फुटेजमध्ये लढाई सुरू झाली, चार-पाच राक्षसांनी घेरलं, की तोच लांबचा कॅमेरा मला जवळचा कोण आणि लांबचा कोण हे कळू देत नव्हता. ज्याला मी आठ गुण दिले त्यानेच मला तीनदा मारलं होतं! व्हिडिओत ते दिसत होतं आणि माझ्या तोंडून त्याबद्दल अवाक्षर नाही. बाबा बरोबर होते. त्यांना सांगितलं नाहीये, तूही सांगू नकोस.

गुण देणं मी तेव्हापासून बंद केलं. आता एकच नियम: जे वाक्य मी बोलतो, ते त्याच क्षणी पडद्यावर दिसलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर ते वाक्य काढायचं. "कंट्रोल्स मस्त आहेत" हे सगळेच म्हणतात. मस्त म्हणजे काय? याच प्रश्नावर माझा सगळा मार्च गेला, आणि त्याचीच गोष्ट तुला सांगायची आहे.

'सेलेस्ट' तू खेळला आहेस का? 2018 चा, मॅडी थॉर्सन आणि मंडळींचा. एक मुलगी डोंगर चढते, बस. उडी, हवेत एक झेप, भिंतीला धरणं, एवढ्यावर सगळा गेम. दिसायला आपल्या लहानपणच्या कॅसेटवाल्या गेमसारखा, आणि अवघड म्हणजे महाअवघड. एका खोलीत मी त्रेचाळीस वेळा मेलो. (मोजले, कारण सगळं रेकॉर्ड होत होतं.) चव्वेचाळिसाव्या वेळी पार झालो आणि गोधडीतून ओरडलो. आई उठून आली, तो भाग वेगळा.

एडिटिंगला बसलो तेव्हा ती उडी फ्रेम-फ्रेम करून पाहिली. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ स्थिर चित्रं. एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग. मी कोपऱ्यात कोणतं बटण दाबलं ते दाखवणारी पट्टी लावली होती. एक फ्रेम पुढे, एक मागे, असं करत होतो आणि थबकलो. मी उडीचं बटण दाबलं तेव्हा पोरीच्या पायाखाली जमीनच नव्हती. कडा सुटून तीन फ्रेम झाल्या होत्या. नियमाने ती खाली पडायला हवी होती. पण गेमने उडी मान्य केली.

मला आधी वाटलं, चूक आहे गेममध्ये. शोधलं तर कळलं की हे मुद्दाम केलेलं असतं. कडा सुटल्यावरही क्षणभर उडी चालवून घ्यायची. गेम बनवणारे याला 'कायोटी टाइम' म्हणतात, कार्टूनमधल्या त्या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून. तो कड्याच्या पुढे हवेत धावत जातो आणि खाली पाहीपर्यंत पडत नाही. सेलेस्टच्या मंडळींनी अशा सवलती उघडपणे सांगितल्याही आहेत. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी गेम ते लक्षात ठेवतो. डोकं छताच्या कोपऱ्याला जरासं लागलं तर बाजूला सरकवून वर जाऊ देतो.

आता हे मराठीत सांगायचं कसं? 'कायोटी टाइम' म्हणालो तर आधी कायोटी समजवा, मग कार्टून समजवा. रात्री दीड वाजता एकदम सुचलं. अरे, कच्चा लिंबू! वाड्यात लपंडाव खेळताना तुझी धाकटी बहीण मध्ये यायची, आपण तिला कच्चा लिंबू ठेवायचो. ती पकडली गेली तरी राज्य तिच्यावर यायचं नाही, आणि तिला मात्र वाटायचं की आपण फार चपळ आहोत. गेमने मला कच्चा लिंबू धरलं होतं आणि पत्ताही लागू दिला नव्हता. मी आपला ओरडतोय, जिंकलो जिंकलो!

तिथे मला आपला प्रिन्सचा गेम आठवला. शाळेची कॉम्प्युटर लॅब, बाहेर काढलेले बूट, दोघांत एक खुर्ची. बाणांची बटणं तुझ्याकडे, शिफ्ट माझ्याकडे. मी शिफ्ट उशिरा दाबलं, राजपुत्राने कडा धरली नाही आणि तो खालच्या काट्यांवर गेला. तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' 1989 चा. जॉर्डन मेकनर या पोराने स्वतःच्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला-उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चित्र गिरवून राजपुत्र हलवला. म्हणून तो खऱ्या माणसासारखा पळतो, आणि खऱ्या माणसासारखाच पटकन थांबू शकत नाही. उडी घेतली की घेतली, हवेत विचार बदलता येत नाही. सेलेस्टमधली पोरगी हवेतही वळते. एक उडी शरीराची, दुसरी मनाची, असं मी व्हिडिओत म्हणालो. जरा जास्त झालं ते, पण ठेवलं.

नऊ मिनिटांचा व्हिडिओ, त्यातली पाच मिनिटं दोन उड्यांवर. कथा अर्ध्या मिनिटात उरकली. साडेतीनशे जणांनी पाहिला, म्हणजे जग काही हललं नाही. पण आलेख घसरला नाही, आणि त्या तीन फ्रेमच्या जागी तर वर गेला. माणसं मागे जाऊन पुन्हा पाहत होती. खाली एकाने लिहिलं, "माझ्या मुलाला कच्चा लिंबू म्हणजे काय ते आज समजावलं." दुसऱ्याने लिहिलं, "'माहीत पडलं' हे कुठलं मराठी?" इंदूरचं, साहेब. होळकरांबरोबर आलो, अडीचशे-तीनशे वर्षं हिंदीच्या शेजारी राहतोय, थोडं लागणारच. आधीच्या व्हिडिओत मी पुणेरी बोलायचा प्रयत्न करत होतो, आणि ऐकताना मलाच वाटायचं की कोणी पाहुणा बोलतोय. तेही बंद केलं.

आता कामाचं, भराभर. रेकॉर्डिंगला ओबीएस हे सॉफ्टवेअर घे, फुकट आहे. फाइल एमकेव्ही प्रकारात ठेव, एमपी-4 मध्ये नको. मी एमपी-4 मध्ये करत होतो. पावसात लाइट गेली, आणि अडीच तासांची फाइल उघडेचना, कारण त्या फाइलची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. एमकेव्हीत लाइट जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं, नंतर ओबीएसमधूनच एमपी-4 करून घ्यायचं. गेमचा आवाज आणि तुझा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेव, नाहीतर शिंक काढायला गेलास तर तलवारबाजीही जाते. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. चेहरा दाखवलाच पाहिजे असं नाही. रिंग लाइट कॅन्सल.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. लॅपटॉपवर चालतच नसेल तर याचा उपयोग कर. दोन तास खेळून, पैसे परत घेऊन परीक्षण करणारे आहेत, तसलं करू नकोस. मध्यंतराला उठून आलेल्याने नाटकावर लिहू नये, हे अर्थात बाबांचंच.

कॉपीराइटची भीती मलाही होती. आपल्या 1957 च्या कायद्यात कलम 52 आहे, समीक्षेसाठी रास्त वापर चालतो. पण यूट्यूबचं यंत्र कायदा वाचत नाही, ते फक्त ओळखीची गाणी आणि चित्रं जुळवून बघतं. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये, हक्क विकत घेऊन वापरलेली बाहेरची गाणी बंद करायची सोय असेल तर आधी ती बंद कर. 'सायबरपंक 2077' या गेममध्ये ती सोय आहे. एखाद्या कंपनीने गेम फुकट दिला तर सुरुवातीलाच सांग. जाहिरात परिषदेचे 2021 चे नियमही तेच सांगतात, आणि नियम नसते तरी सांगितलं असतंस, मला माहीत आहे.

पैशांचं विचारू नकोस. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं गेलं पाहिजे, तेव्हा जाहिरातींचा वाटा सुरू. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. माझ्याकडे माणूस सरासरी चार मिनिटं थांबतो, म्हणजे साठ हजार वेळा कोणीतरी यायला हवं. माझे सबस्क्रायबर दोनशे बारा. छप्पन दुकानच्या पोह्यांचेही पैसे सुटत नाहीत. पहिला जाहिरातीचा ईमेल आला तो पैसे लावून पत्ते खेळायच्या ॲपचा, एका व्हिडिओचे आठ हजार. नाही म्हणालो. हात थरथरले, खोटं कशाला बोलू. नंतर 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदाच झाला. अशा पैशांच्या खेळांची जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते वाचून बाबांना दाखवलं, तर म्हणाले, "कायदा नव्हता तेव्हा नाही म्हणालास ना? मग झालं."

तू सुरू करच. पण चॅनल काढायच्या आधी एक कर. तुला सगळ्यात आवडणारा कुठलाही गेम घे, त्यातली दहा सेकंदं रेकॉर्ड कर, आणि मोबाइलवरच बोलून पाठव की त्या दहा सेकंदांत नक्की काय होतंय. फक्त मला. तुझा तो गाड्यांचा गेम घे ना, पावसातलं वळण असलेला, ज्याबद्दल तू सराफ्यात गराडू खाताना अर्धा तास बोलत होतास. मी तेव्हा जांभया देत होतो, आता ऐकायचं आहे.

आई गोधडी मागतेय. एप्रिलात गोधडी कशाला लागते कोण जाणे, बहुधा मला झोपवायची युक्ती असावी. काकूंना नमस्कार.

तुझा,
मन्या

ता. क. त्या खुर्चीचे आगाऊ पैसे भरले असशील तर परत मिळतात का बघ. त्यात एक डायनॅमिक माइक येईल. माझा सुई ऐकणारा हवा असेल तर फुकट देतो, कुकरसकट.