ठोके मोजायला शिकवणाऱ्या सरांना आभाराचे पत्र

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

व्यायामात किती कॅलरी खर्च होतात हे कळावे म्हणून एखादे स्वस्त आणि भरवशाचे हृदयगती मोजणारे उपकरण घ्यावे, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी आपण जो वेळ दिलात आणि जे समजावून सांगितलेत, त्याचे आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण असे की बेळगावातील टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण, आणि खानापूर-निपाणीकडचे माझे नातेवाईकही, आता असे उपकरण घेण्याच्या विचारात आहेत. आपण मला जे सांगितलेत ते त्यांनाही उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या मुलीला आपण शाळेत खेळ शिकवलेत, त्या ओळखीवर मी आपल्याकडे आले. माझी अपेक्षा होती की आपण आधी किती खर्च करायचा आहे ते विचाराल. आपण विचारलेत ते मात्र वेगळेच: घरात कोणाला रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का? माझे यजमान बीटा ब्लॉकर गटातील गोळी घेतात आणि हे उपकरण आम्ही दोघांनी आळीपाळीने वापरायचे ठरवले होते. ती गोळी हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवते, त्यामुळे चढावर दम लागला तरी ठोके पुरेसे वाढत नाहीत आणि त्यावरून काढलेला कॅलरीचा हिशेब त्यांच्या बाबतीत खोटा ठरतो, हे आपण शांतपणे समजावलेत. २२० मधून वय वजा करून काढलेली कमाल हृदयगतीची मर्यादाही त्यांना लागू होणार नाही, तेव्हा त्यांची मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, असेही आपण बजावलेत. तोवर चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग त्यांनी ठेवावा, ही आपण सांगितलेली खूण ते आजही पाळतात. विकत घेण्याच्या गोष्टीत आधी औषधांची चौकशी करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि या एका प्रश्नासाठीच मी आपली आयुष्यभर ऋणी राहीन.

त्यानंतर आपण वहीच्या पानावर मांडलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. उपकरण कॅलरी मोजत नाही, ते फक्त ठोके मोजते. ठोक्यांना वय, वजन आणि स्त्री की पुरुष या माहितीची जोड देऊन कॅलरीचा अंदाज बांधला जातो, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट कळले. बहुतेक कंपन्या आपले सूत्र उघड करत नाहीत, म्हणून आपण २००५ साली प्रसिद्ध झालेले कीटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सूत्र घेऊन उदाहरण सोडवून दाखवलेत. ४६ वर्षांच्या, ६४ किलो वजनाच्या स्त्रीचे ठोके मिनिटाला १३० असतील तर त्या सूत्राने मिनिटाला सुमारे ८ कॅलरी येतात, म्हणजे अर्ध्या तासाला २३७ च्या आसपास. तेच वय, तेच वजन आणि तेच ठोके ठेवून केवळ पुरुष अशी नोंद केली, तर अर्ध्या तासाचा आकडा ३५० च्या वर जातो. दोघांनी एकच उपकरण वापरायचे असेल तर ॲपमध्ये दोघांची खाती वेगळी हवीत, हा आग्रह आपण का धरलात ते या दोन आकड्यांनी मला पटले.

हा अंदाज किती सैल असतो तेही आपण लपवले नाहीत. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर ७ मनगटी उपकरणे तपासली. त्यांपैकी ६ उपकरणांची ठोक्यांमधील चूक ५ टक्क्यांच्या आत होती, परंतु कॅलरीच्या बाबतीत सर्वांत बरे उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. हे ऐकून मी थोडी निराश झाले होते, ती निराशा आपण ओळखलीत. पैसे खर्च करायचेच असतील तर ते ठोके अचूक मोजण्यावर करावेत, कॅलरीचा मोठा आकडा झळकवणाऱ्या पडद्यावर नव्हे, हा निर्णय आपल्याशी बोलतानाच माझ्या मनात पक्का झाला.

मनगटी पट्टा की छातीचा पट्टा, या प्रश्नावर आपण सर्वांत जास्त वेळ थांबलात, आणि माझ्या मते खरेदीचे मर्म तिथेच आहे. मनगटावरचे उपकरण त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्तप्रवाहातील चढउतारानुसार परत येणाऱ्या प्रकाशात होणारा बदल टिपते. छातीचा पट्टा मात्र हृदयाच्या विद्युत संकेतांवरूनच ठोका ओळखतो. १९७७ साली फिनलंडमध्ये स्थापन झालेल्या पोलार कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी छातीवरून मनगटावरच्या घड्याळाकडे बिनतारी ठोके पाठवणारे उपकरण आणले आणि आजचे पट्टेही त्याच तत्त्वावर चालतात, ही माहिती आपण किती आवडीने सांगितलीत! आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोचरी थंडी असते, तेव्हा हातांच्या त्वचेतील रक्तप्रवाह मंदावतो आणि मनगटी उपकरण गोंधळते. सायकलचे हँडल घट्ट धरले किंवा डंबेल उचलताना मनगट वाकले तरी तोच परिणाम होतो. कधी कधी तर ते ठोक्यांऐवजी पावलांचीच लय मोजू लागते. फक्त सपाट मैदानावर सावकाश चालणाऱ्याला मनगटी पट्टा पुरेसा आहे, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितलेत. मला मात्र रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चढायचा असतो आणि मधूनमधून धावायचेही असते, म्हणून मी छातीचा पट्टा निवडला.

आपल्या सल्ल्यामुळे ही खरेदी तीन हजारांच्या आत झाली. पडदा नसलेला साधा पट्टा घ्यावा, कारण पडद्याचे काम हातातला फोन करतो. ब्लूटूथ आणि एएनटी प्लस या बिनतारी जोडणीच्या दोन्ही पद्धती असाव्यात, म्हणजे फोन बदलला किंवा पुढे सायकलचा मीटर घेतला तरी पट्टा निरुपयोगी होत नाही. सेल बदलता येणारा असावा. सीआर २०३२ हा बटण सेल खडेबाजारातल्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो, हे आपण सांगितल्यावर माझी मोठी चिंता मिटली. इलॅस्टिकचा पट्टा वेगळा विकत मिळतो का, हेही आधी पाहायला सांगितलेत, कारण सेन्सरच्या कितीतरी आधी झिजतो तो पट्टाच. दुकानात पट्टा बांधून जिना चढायचा, मानेजवळची नाडी १५ सेकंद मोजून तिला ४ ने गुणायचे आणि फोनवरच्या आकड्याशी ताडून पाहायचे, ही परीक्षा मी दुकानदारासमोरच केली. त्यांनाही ती इतकी आवडली की त्यांनी ती पद्धत लिहून घेतली.

इथे काकूंचे आभार स्वतंत्रपणे मानले पाहिजेत. छातीचा पट्टा बायकांनी नेमका कुठे आणि किती घट्ट बांधावा, हे मला पुरुषमाणसाला विचारणे अवघड वाटत होते. आपण ते जाणून काकूंना हाक मारलीत आणि त्यांनी आतल्या खोलीत स्वतः बांधून दाखवले. छातीच्या उभाराच्या लगेच खाली, खोल श्वास घेता येईल पण पट्टा घसरणार नाही इतका घट्ट, आणि आतल्या बाजूचे दोन्ही भाग आधी पाण्याने ओले करून, ही त्यांची शिकवण मी माझ्या मैत्रिणींनाही दिली आहे. व्यायाम झाल्यावर सेन्सर पट्ट्यापासून काढून ठेवावा म्हणजे सेल वाचतो, आणि घामाचा पट्टा रोज साध्या पाण्यात खळबळून वाळवावा, हेही त्यांनीच सांगितले. उपकरणासोबतची माहिती इंग्रजीत होती. ती आपण माझ्यासाठी मराठीत आणि माझ्याबरोबर आलेल्या शेजारीणबाईंसाठी कन्नडमध्ये एकाच कागदावर लिहून दिलीत. तो कागद त्यांच्या घरी भिंतीवर लावलेला आहे.

आकड्यांकडे कसे पाहावे हे आपण शिकवलेत, त्याचा उपयोग मला रोज होतो. फोनवर दिसणाऱ्या कॅलरीत बसल्याजागी खर्च होणाऱ्या कॅलरीही धरलेल्या असू शकतात. ६४ किलोच्या माणसाच्या बाबतीत त्या तासाला साधारण ६४ भरतात, तेवढ्या वजा केल्याशिवाय व्यायामाचा खरा वाटा कळत नाही. वजने उचलताना, उन्हात किंवा कडक चहानंतर ठोके वाढतात, पण त्या प्रमाणात कॅलरी खर्च होतातच असे नाही. म्हणून आता मी कॅलरीच्या आकड्यावर कुंद्याची वाटी वाढवून घेत नाही. माझी तुलना माझ्याच मागच्या नोंदींशी असते. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालताना ठोके पूर्वीपेक्षा कमी पडू लागले आहेत आणि आपण म्हणाला होतात तसे, हीच प्रगतीची खरी खूण आहे. तो बदल वहीत दिसला तेव्हा मला झालेला आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

आपला यात काडीचाही लाभ नव्हता. आपण कोणत्याही कंपनीची भलामण केली नाहीत, दुकान सुचवले नाहीत आणि दर वेळी माझ्या शंकेला पहिल्याच शंकेसारखे उत्तर दिलेत. याबद्दल मी आणि माझे यजमान आपले आणि काकूंचे अंतःकरणापासून आभारी आहोत.

एक शंका मात्र उरली आहे. गडाच्या वाटेवर वेग तोच ठेवूनही शेवटच्या टप्प्यात ठोके हळूहळू चढत जातात आणि ॲप तेवढ्या कॅलरी वाढवून दाखवते. घामाने शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे आणि अंग तापल्यामुळे असे होते, एवढे मी वाचले आहे, पण त्या भागातील कॅलरी किती धराव्यात हे मला ठरवता आलेले नाही. आपल्या सवडीने वेळ कळवावी, मी वही घेऊन येईन.

आपली नम्र,
आपल्या एका विद्यार्थिनीची आई, वडगाव, बेळगाव