‘ईपब’ म्हणून विकलेली माझी १७ पुस्तकं मला द्या

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि व्यवस्थापन

विषय: डाउनलोडची सोय न कळवता काढून घेणे, मुदत संपलेलं टोकन तीनदा पाठवणे आणि ग्राहकाचा अपमान करणे

आज दुपारी पावणेचारला तुमच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार चौथ्यांदा बंद केली. शेरा लिहिलाय, ‘ग्राहकाचे समाधान झाले’. समाधान झालेलं नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

माझ्या खात्यावर तुमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली ४३ मराठी ई-पुस्तकं आहेत. प्रत्येक पुस्तकाच्या पानावर किमतीखाली ‘स्वरूप: ईपब. सर्व ई-रीडरवर चालते’ असं छापलेलं होतं आणि आजही आहे. (ईपब म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलीचा एक प्रकार.) त्यातली २६ मी घेतल्या घेतल्या उतरवून ठेवली. ती आजही नीट उघडतात. उरलेली १७ तुमच्याकडेच राहू दिली, कारण ‘लायब्ररीतून केव्हाही पुन्हा डाउनलोड करा’ हे तुमच्याच मदतीच्या पानावर होतं. मग तुमच्या दुकानाची नवी आवृत्ती आली, डाउनलोडचं बटण गेलं आणि त्या जागी ‘अ‍ॅपमध्ये वाचा’ आलं. ईमेल नाही, सूचना नाही, शेवटची तारीख नाही.

माझा रीडर ६ इंची ई-इंकचा आहे. त्यात अँड्रॉइड नाही, त्यामुळे तुमचं अ‍ॅप त्यात बसवताच येत नाही. अडोबी कंपनीचं कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी व्यवस्था, असलेली ईपब तो उघडतो, एवढंच त्याचं काम आणि तेवढंच मला हवंय. तुमच्या ‘चालणारी उपकरणे’ या यादीत तो नावानिशी आहे.

पूर्वीची पद्धत तुमच्या नव्या माणसांना माहीत नाही असं दिसतं, म्हणून लिहिते. डाउनलोड दाबलं की एसीएसएम नावाची फाइल यायची, जेमतेम दोन केबीची. ती पुस्तक नसते, टोकन असतं. पुस्तक कुठल्या सर्व्हरवरून आणायचं, व्यवहाराचा क्रमांक काय, मुदत कधीपर्यंत, एवढंच त्यात असतं. ती संगणकावर अडोबी डिजिटल एडिशन्समध्ये उघडली की तो प्रोग्राम सर्व्हरला टोकन दाखवतो आणि खरी ईपब उतरवतो. ती माझ्या अडोबी आयडीला, म्हणजे अडोबीकडच्या माझ्या खात्याला, बांधलेली असते. रीडर त्याच आयडीने अधिकृत केलेला असला की केबल लावायची, फाइल रीडरवर ओढायची, झालं. या रीतीने माझी २६ पुस्तकं आलेली आहेत. संगणक बदलला तरी त्याच आयडीने नवा संगणक अधिकृत केला की जुन्या प्रती उघडतात. या व्यवस्थेत बिघाड नव्हता. तुम्ही ती बंद केलीत.

पहिल्या तक्रारीनंतर तुम्ही ईमेलने एका पुस्तकाची एसीएसएम पाठवलीत. उघडल्यावर त्रुटी आली: ‘ई अडेप्ट रिक्वेस्ट एक्स्पायर्ड’, म्हणजे मुदत संपली. संगणकाचं घड्याळ चुकलेलं असलं तरी ही त्रुटी येते, म्हणून आधी घड्याळ तपासलं. तारीख, वेळ, भारतीय प्रमाणवेळ, सगळं बरोबर होतं. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. साधी एक्सएमएल असते, कोणालाही वाचता येते. तुमचा ईमेल ९ तारखेचा आणि आतली मुदत २ तारखेची. म्हणजे टोकन पाठवण्याच्या आठवडाभर आधीच मेलेलं होतं. हे मी तुम्हाला मुदतीच्या ओळीसकट कळवलं. दुसऱ्यांदा फाइल आली, आत तोच व्यवहार क्रमांक आणि तीच मुदत. तिसऱ्यांदाही तेच. तीनदा तीच फाइल पाठवलीत आणि तीनदा तक्रार बंद केलीत. कंटेंट सर्व्हरवरून नव्या व्यवहार क्रमांकाचं टोकन काढणं हे तुमच्याच यंत्रणेतलं रोजचं काम आहे. विक्री झाली की ती आपोआप तेच करते.

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहितेय, कारण तुमच्याकडे त्याचं ध्वनिमुद्रण असेल आणि ते तुम्ही ऐकावं असं मला वाटतं.

मराठीसाठी ३ दाबून अकरा मिनिटं थांबल्यावर एक जण बोलायला आला. मी वरची सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, “मॅडम, फाइल आली ना तुम्हाला? मग तिच्यावर राइट क्लिक करा, रिनेम करा, शेवटचं एसीएसएम काढून ईपब लिहा. होऊन जाईल.” मी म्हटलं, ही फाइल दोन केबीची आहे, पुस्तक एक-दोन एमबीचं असतं, नाव बदलून ते तिच्यात कुठून येणार? रेशनच्या कुपनावर ‘तांदूळ’ लिहिलं म्हणून कुपनाचे तांदूळ होत नाहीत. तो म्हणाला, “आमच्या प्रोसेसमध्ये हेच लिहिलंय, मॅडम.” आणि मग: “घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांना फोन देता का? मी त्यांना समजावतो.”

हे वाक्य मी शब्द न बदलता लिहिलंय. जेंट्स! मुदतीची ओळ वाचून दाखवणारी मी, व्यवहार क्रमांक सांगणारी मी, आणि समजावायला त्याला घरातला पुरुष हवा. मी त्याला म्हटलं, वरिष्ठांना द्या. चौदा मिनिटं गाणं वाजलं. परत आल्यावर म्हणाला, “सीनियरनी पण रिनेम करायलाच सांगितलंय.” तेव्हा फोन चालू ठेवूनच मी त्या फाइलची प्रत काढली, नाव बदललं, रीडरवर टाकली आणि ‘ही फाइल उघडता येत नाही’ ही पडद्यावरची ओळ त्याला वाचून दाखवली. त्यावर: “मग तुमचा रीडर जुना झालाय. नवीन घ्या.” मी सांगितलं, याच रीडरवर तुमचीच २६ पुस्तकं या क्षणी उघडतायत. त्यावर शेवटचं उत्तर आलं: “तसंही मॅडम, तुम्ही पुस्तक विकत नाही घेतलं, अ‍ॅक्सेस घेतलाय. मोठ्या कंपन्या पण हेच करतात.” आणि फोन ठेवला.

विकत नाही घेतलं? तुमच्या पानावरच्या बटणावर ‘खरेदी करा’ लिहिलंय. तुमच्या बिलावर ‘ई-पुस्तक, नग १’ असं लिहून त्यावर ५ टक्के जीएसटी लावलाय. अ‍ॅक्सेस विकत होतात, तर नग कसला मोजलात? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू आहे, की ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर ते खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. आपल्याकडे त्या शब्दांत कायदा नसेल, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींच्या व्याख्या आहेत, आणि ‘सर्व ई-रीडरवर चालते’ हे तुमचं वाक्य मला त्या दोन्हींत बसताना दिसतं.

मोठ्या कंपन्यांचं म्हणाल, तर त्यांनी काय केलं तेही पूर्ण बघा. अ‍ॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ ला किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने चढवण्याची सोय काढली, वाचक चिडले, पण तारीख आधी जाहीर झाली होती आणि लोकांना आपापली पुस्तकं उतरवून घ्यायला दिवस मिळाले. त्याच कंपनीने जुलै २००९ मध्ये वाचकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परस्पर पुसली होती. पैसे परत दिले होते, तरी प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पुस्तकं गेली, पण प्रत्येकाला पूर्ण पैसे परत मिळाले. तुम्ही तारीख दिली नाहीत, माफी मागितली नाहीत आणि पैशांचं नावही काढत नाही.

‘अ‍ॅपमध्ये वाचा’ हा तोडगा आहे असं वाटत असेल तर १७ पैकी दोन पुस्तकं तुम्ही स्वतः अ‍ॅपमध्ये उघडून बघा. त्यांची नावं तक्रारीत दिलेली आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी नीट दिसणाऱ्या आजच्या प्रमाण पद्धतीत, नाहीत. छपाईसाठी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर कोणीतरी तसाच ईपबमध्ये ओतलाय. सोबत जोडलेला फॉन्ट वापरला तर पान मराठी दिसतं. तुमचं अ‍ॅप स्वतःचा फॉन्ट लादतं, मग पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. अशा पुस्तकात ‘पाणी’ शोधलं तर उत्तर शून्य, कारण आत ‘पाणी’ नाहीच. युनिकोडमधल्या पुस्तकांतही अ‍ॅप ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करतं, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. ऱ ची फोड र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशी होते. अ‍ॅप तो नुक्ता गाळत असेल तर हेच होणार. मराठी पुस्तकं विकणाऱ्याला हे दिसू नये?

उतरवलेल्या २६ फाइलींबद्दलही एक सांगायचंय. ईपब ही आतून झिपच असते. प्रत काढून शेवटी डॉट झिप लिहिलं की कुलूप न तोडताही पुस्तकाची माहिती असलेली ओपीएफ फाइल वाचता येते. (तुमच्या माणसाने नाव बदलण्याची गोष्ट बहुधा इथूनच अर्धवट ऐकली असावी.) २६ पैकी ९ फाइलींत भाषेच्या जागी ‘एमआर’ऐवजी ‘एन’ आहे, म्हणजे यंत्राच्या लेखी ती इंग्रजी पुस्तकं आहेत. मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम मग इंग्रजी आवाज निवडतो आणि देवनागरीपुढे अडखळतो. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात तिथे ते येत नाहीत, हिंदी वळणाचे येतात. एका ओळीतला एक शब्द बदलायचा आहे.

बडोद्याहून मराठी पुस्तक मागवायचं तर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं. बारीकसं पुस्तक असेल तर टपालखर्च किमतीच्या जवळ जातो. तुमच्या दुकानावर आम्ही खूश होतो ते म्हणून, आणि इथल्या कितीतरी मराठी घरांत तुमचं नाव मी स्वतः सांगितलंय. याच संस्थानात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत पोचवली. ज्यांनी एक पैसा दिला नव्हता त्यांच्या हातात पुस्तक गेलं. मी पैसे दिलेत आणि माझ्या हातात दोन केबीचं मेलेलं टोकन आहे.

कुलूप तोडण्याचे प्रोग्राम इंटरनेटवर मिळतात हे मला माहीत आहे. असं कुलूप तोडण्याला शिक्षा सांगणारं, कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए हे कलमही माहीत आहे. मला कुलूप तोडायचं नाही. किल्ली देणं तुमचं काम आहे.

मला काय हवंय ते लिहिते. १७ पुस्तकांची नवी, मुदत शिल्लक असलेली टोकनं सात दिवसांत पाठवा आणि पाठवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून मुदत बघा. अडोबीचा सर्व्हर तुम्ही बंदच केला असेल तर कुलपाशिवायची ईपब द्या आणि पाहिजे तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी माझं नाव आणि ऑर्डर क्रमांक छापा. माझी हरकत नाही. टॉर बुक्ससारखा मोठा प्रकाशक २०१२ पासून कुलपाशिवाय विकतोय. श्रीलिपीवाली दोन पुस्तकं युनिकोडमध्ये नीट करून द्या. यातलं काहीच जमणार नसेल तर १७ पुस्तकांचे २,८९० रुपये परत करा, तुमच्या दुकानाच्या ऑनलाइन पाकिटात (वॉलेटमध्ये) नको, माझ्या बँक खात्यात. डाउनलोड परत येत नाही तोवर ‘सर्व ई-रीडरवर चालते’ ही ओळ सगळ्या पानांवरून काढा. आणि ‘घरात कोणी जेंट्स’ या वाक्याबद्दल लेखी माफी हवी, त्या मुलाकडून नको, व्यवस्थापनाकडून. नाव बदलायला सांगणारी प्रोसेस त्याने लिहिलेली नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. नाही झालं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद आणि मग बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. तिन्ही एसीएसएम फाइली, तुमचे ईमेल, बिलं आणि आज टिपून घेतलेली ‘चालणारी उपकरणे’ ही यादी सोबत जोडली आहे. ती यादी आता बदललीत तरी माझ्याकडे आजची प्रत आहे.

तक्रार परत बंद करण्याआधी मला फोन करा. फोन मीच उचलीन.

खातेदार,
दांडिया बाजार, बडोदे