चेहरे ओढू नका, काळी पट्टी राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नागपुरात आता कोणताही कार्यक्रम असो, लग्न, सत्कार, शाळेची गॅदरिंग, चौकातली जयंती, स्टेजच्या मागे एलईडी वॉल लागतेच. लागू द्या, चांगलंच आहे, मागच्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही नीट दिसतं. पण त्यावर जे फोटो न व्हिडिओ चालू असतात ते बरेचदा ओढलेले नाहीतर दाबलेले असतात, माणसं बुटकी आणि रुंद दिसतात किंवा उगाच लांबट तोंडाची, आणि समोर बसलेले शेकडो लोक ते तसंच पाहून राहिले असतात, कोणी काही बोलत नाही. मला हे फार खटकतं, आणि नीट करायला एक पैसाही लागत नाही म्हणून जास्तच खटकतं.

सगळा प्रश्न आस्पेक्ट रेशोचा आहे, म्हणजे चित्राची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण, बस. जुन्या डबा टीव्हीचं ४:३, आताच्या टीव्हीचं १६:९, सिनेमास्कोप म्हणजे खूप रुंद पडद्याच्या पिक्चरचं साधारण २.३५:१, मोबाईल उभा धरून शूटिंग केलं की ९:१६. आता एका आकाराचं चित्र दुसऱ्या आकाराच्या पडद्यावर दाखवायचं तर तीनच मार्ग आहेत, कडेला काळं सोडा, चित्र कापा, नाहीतर ओढा. पहिल्यात पडद्याची जागा वाया जाते, दुसऱ्यात चित्राचा काही भाग जातो, पण दोन्हीत माणूस माणसासारखा राहतो. ओढलं की मात्र सगळंच बिघडतं. ४:३ चं चित्र १६:९ पडद्यावर पूर्ण ताणलं तर उंची तेवढीच राहून रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते. बाबासाहेबांच्या जुन्या कृष्णधवल फिती ४:३ च्या जवळपासच्याच आहेत, आणि त्या अशा ताणून दाखवल्या की बाबासाहेबांचा चेहरा तिसऱ्या हिश्शाने रुंद होतो. दीक्षाभूमीच्या गावात तरी हे व्हायला नको हो.

मागे एका हॉलमध्ये वॉल लावणाऱ्या पोराला मी विचारलं, दादा, चेहरे लांबट दिसून राहिले, जरा रेशो बरोबर करता का? तो म्हणाला, काका, मग वरखाली काळं राहते ना, पार्टी म्हणते आम्ही पूर्ण वॉलचे पैसे दिले. त्याचंही खरं आहे, त्याला पार्टीचं ऐकावंच लागतं. ती वॉल होती १२ बाय ८ फुटांची, म्हणजे ३:२, आणि लॅपटॉपवरून व्हिडिओ येत होता १६:९ चा. १२ फूट रुंदीला १६:९ चं चित्र पावणेसात फूट उंच बसतं, वरखाली मिळून सव्वा फूट काळं राहतं. त्या सव्वा फुटासाठी नवरा-नवरी, त्यांचे आईवडील, सगळ्यांनाच १८ टक्के उंच ताणून ठेवलेलं. पैसे मोजले ते माणसं नीट दिसावी म्हणूनच ना?

झेंड्याचं तर याहून गंभीर आहे. आपल्या तिरंग्याचं लांबी-उंचीचं प्रमाण ३:२ च असलं पाहिजे असं ध्वजसंहितेतच लिहिलंय. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला स्क्रीनवर तिरंगा ओढून लावतात आणि मधलं अशोकचक्र अंड्यासारखं होतं. कापडाचा झेंडा कोणी असा शिवून आणला तर आपण परत करू, मग स्क्रीनवरचा कसा चालवून घेतो?

बरं, हे वेगवेगळे आकार कोणी उगाच काढलेले नाहीत. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म असायची, एका फ्रेमला कडेची चार छिद्रं, त्यातून आकार आला ४:३ चा. पुढे बोलपट आले, आवाजाच्या पट्टीला फिल्मवर जागा द्यावी लागली, म्हणून १९३२ मध्ये अमेरिकेत १.३७:१ ठरलं. टीव्हीनेही जवळपास तोच आकार घेतला. मग पन्नाशीच्या दशकात तिकडे घरोघरी टीव्ही आला, थेटर रिकामे पडायला लागले, तेव्हा घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायचं म्हणून पडदा रुंद केला, १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला. त्याची गंमत अशी की शूटिंग करताना लेन्स चित्र आडवं निम्म्यावर दाबून फिल्मवर घेते आणि थेटरातल्या प्रोजेक्टरची लेन्स ते परत दुप्पट उघडते, म्हणजे दाबायचं तेवढंच उघडायचं, प्रमाण शेवटी बरोबर आलंच पाहिजे, हा नियम त्या काळी ऑपरेटर लोक पाळायचे. आपल्याकडे १९५९ चा 'कागज़ के फूल' हा पहिला सिनेमास्कोप. १६:९ त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, आणि ते ४:३ आणि २.३५ या दोघांच्या मधोमध बसतं, म्हणून जुना पिक्चर लावला की डावी-उजवीकडे काळं येतं आणि स्कोपचा लावला की वरखाली. टीव्ही खराब नाही आणि केबलवाल्याने काही कापलेलंही नाही. उलट ती पट्टी घालवायला रिमोटवरून झूम करता तेव्हा स्कोपच्या चित्राचा दोन्ही बाजू मिळून जवळपास पाव भाग बाहेर जातो, दोन माणसं समोरासमोर उभी असतील तर फक्त नाकं दिसतात.

घरच्या टीव्हीला रिमोटमध्ये पिक्चर साइज नाहीतर आस्पेक्ट असा पर्याय असतो, तिथे ऑटो किंवा ओरिजिनल ठेवा. तेवढ्याने जमलं नाही तर सेटटॉप बॉक्सचं सेटिंग पाहा, ते वेगळं असतं. क्रिकेट चालू असताना बॉल गोल दिसला की समजा बरोबर आहे.

फोटोचंही थोडं सांगतो. बहुतेक मोबाईलचा कॅमेरा ४:३ मध्ये फोटो काढतो आणि स्टुडिओतला नेहमीचा प्रिंट ४ बाय ६ चा, म्हणजे ३:२, तर उंचीतला नववा हिस्सा कापला जातोच. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या काकाचं डोकं जातं ते असं. काढतानाच वर थोडी जागा सोडा, नाहीतर ६ बाय ८ मागा, तो ४:३ चाच असतो.

आणि संपादक साहेब, पेपरवाल्यांनाही एक कळकळीची विनंती आहे. श्रद्धांजलीच्या छोट्या जाहिरातींत पासपोर्ट फोटो कित्येकदा चौकोनात बसवायला आडवा ताणलेला असतो. घरचे लोक ते कात्रण वर्षानुवर्षं जपून ठेवतात, पुण्यतिथीला काढतात, त्यात त्यांच्या आईचा चेहरा आईसारखा दिसायला पाहिजे. चौकोनात बसत नसेल तर खालून कापा, खांद्याखालचा भाग गेला तर कोणाचं बिघडत नाही, पण ओढू नका. तुमच्या जाहिरात विभागाला एवढं एकदा सांगून ठेवा.

कार्यक्रम ठेवणाऱ्यांनीही वॉल बुक करतानाच तिचं माप विचारून घ्यावं, व्हिडिओ बनवणाऱ्या पोराला ते माप आधी द्यावं म्हणजे तो त्याच आकारात बनवून देईल. आणि लोक यायच्या आधी वॉलवर एक मोठा गोल दाखवून आडवा-उभा टेपने मोजून पाहावा, दोन्ही माप सारखं आलं तरच बाकीचं लावावं, पाच मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर