बाळाच्या आधी आईला हलवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१७ नोव्हेंबरचा जागतिक अकाली जन्म दिन जवळ आला की आठशे-नऊशे ग्रॅमचं बाळ ठणठणीत होऊन घरी गेल्याच्या बातम्या फोटोसह येतात. आनंदच आहे. पण त्यांत व्हेंटिलेटर असतो, डॉक्टरांची नावं असतात. बाळ जन्मण्याआधीच्या एक-दोन दिवसांत काय केलं गेलं, याची एक ओळही नसते. त्या बाळाचं बरंचसं भवितव्य तिथेच ठरलेलं असतं, म्हणून हे पत्र.

आधी एक समजूत बाजूला सारू. ‘सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं नाही’ हे शिकल्यासवरल्या घरांतही अजून ऐकू येतं. खरं आहे ते उलट. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचंच, पण पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा त्याच्या बाजूने असतो. या समजुतीपायी आठव्यात कळा सुरू झाल्या तर घरचे हातपाय गाळतात, आणि सातव्यात सुरू झाल्या तर उगाच निर्धास्त राहतात.

आपल्याकडे पहिलटकरीण सातव्यात डोहाळजेवण आटोपून माहेरी जाते. फाइल मात्र अनेकदा सासरीच राहते. गरोदरपणातला रक्तदाब वाढण्याचेही हेच दिवस. नव्या डॉक्टरांना आधीचा रक्तदाब माहीत नसतो, दिवस किती गेलेत तेही नक्की कळत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून दिवस नेमके काढता येतात. शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. तेव्हा पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्तगट आणि रक्तदाबाच्या नोंदी यांचे फोटो आईच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असावेत.

रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. १६०/११० म्हणजे एक तासही थांबायचं नाही. पायांना थोडी सूज बहुतेकींना येते, पण चेहरा आणि हात अचानक सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं वेगळी. सर्वांत फसवं दुखणं छातीखालचं, उजव्या बरगडीच्या बाजूचं. पित्त म्हणून सोडा-लिंबू दिलं जातं आणि रात्र जाते. प्रत्यक्षात यकृताला सूज येऊन त्याचं आवरण ताणलेलं असू शकतं. पाणी जात असेल तर स्वच्छ पॅड लावून वेळ आणि पाण्याचा रंग लिहून ठेवा. अंगावरून लाल जात असेल, मग दुखत असो वा नसो, वार कुठे आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत कुणालाही आतून तपासणी करू देऊ नका. बाळाची हालचाल मंदावली तरी त्याच दिवशी तपासणी हवी.

आता दोन स्वस्त इंजेक्शनं. २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण ओढवणार असं दिसलं तर आईला डेक्सामेथासोन ६ मिलीग्रॅम, दर १२ तासांनी, असे चार डोस स्नायूत देतात. दोन मिलीच्या कुपीत ८ मिलीग्रॅम असतं, म्हणजे एका डोसला दीड मिली. त्याने बाळाची फुप्फुसं तयार होतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका घटतो. केंद्राच्या २०१४च्या सूचनांनुसार पुढे पाठवण्याआधीचा पहिला डोस उपकेंद्रातली एएनएम (परिचारिका)ही देऊ शकते. गाडी येईपर्यंतच्या वेळात तो देऊन होतो. तरी ‘मोठ्या दवाखान्यात देतील’ म्हणून राहून जातो, आणि तिथे पोहोचेपर्यंत बाळ जन्मलेलं असतं. चारही डोस झाले नाहीत तरी पहिला वाया जात नाही. अर्थात सरसकट टोचायचंही हे औषध नाही: दिवस नक्की नसताना, आईला जंतुसंसर्ग असताना किंवा पुढे बाळाच्या उपचाराची सोय नसताना त्याने नुकसान होऊ शकतं. कळा थांबवणाऱ्या गोळ्यांकडून महिनाभराची अपेक्षा धरू नये; त्या या डोसांसाठी दोनेक दिवस मिळवून देतात, एवढंच.

दुसरं मॅग्नेशियम सल्फेट. रक्तदाबाने झटके येण्याची भीती असेल तर पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोलवर देतात. एक ग्रॅमच्या दहा कुप्या फोडाव्या लागतात, नातेवाईक घाबरतात. पण मात्रा तेवढीच आहे. ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असेल तर हेच औषध बाळाच्या मेंदूलाही जपतं.

आणि मग हलवायचं ते आईला, बाळ पोटात असताना. जन्मलेलं १२०० ग्रॅमचं बाळ गाडीत तासभर नेताना गार पडतं, साखर उतरते, श्वास थांबतो. पोटात यातलं काही होत नाही. १०८ किंवा १०२ला फोन करतानाच ‘एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, जागा आहे का’ हे विचारायला सांगा. जागा नसलेल्या दारात जाऊन परत फिरण्यात सर्वाधिक वेळ जातो. बाळ बाहेर येण्याच्या बेतात असेल तर मात्र गाडीत बसवू नये.

जन्मानंतर उष्णता आणि दूध. कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, ही काचेची पेटी नसेल तेव्हाची तडजोड नव्हे. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मापासूनच छातीशी धरलेल्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच घालून बाळ दोन्ही स्तनांमध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर. हनुवटी छातीला टेकली की श्वासमार्ग दबतो. वर सुती पट्टा बांधायचा. एका वेळी किमान तासभर, एकूण आठ तासांपासून जमेल तितके. बाबांनी, आजीनेही धरावं. हाताच्या मागच्या बाजूने तपासा: पोट गरम पण तळवे गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय, पोटही गार असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

३४ आठवड्यांच्या आसपास चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसतो. तोवर नळीने, मग बोंडल्याने दूध. आईने पहिल्या काही तासांतच चीक हाताने काढायला घ्यावा आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, काढत राहावं. दूध कमी पडलं तर दूधपेढी आहे; मुंबईच्या सायन रुग्णालयात ती १९८९ पासून आहे. बाळगुटी, मध, धुरी, शेगडी यातलं काहीही नको.

सर्वांत जास्त चुकतं ते डोळ्यांचं. दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांआधीचं बाळ असेल तर पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत हवीच. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्यांची दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळे अगदी निरोगी दिसतात, म्हणून ‘सव्वा महिना झाल्यावर बघू’ होतं आणि दृष्टी वाचवणाऱ्या लेझर उपचाराची वेळ निघून जाते. तामिळनाडूतल्या अशाच न झालेल्या तपासणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई द्यायला लावली होती. डिस्चार्ज कार्डावर या तपासणीची तारीख आणि ठिकाण लिहून घेतल्याशिवाय निघू नका. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. मान धरणं, बसणं यांचा हिशेब बाळंतपणाच्या मूळ अपेक्षित तारखेपासून.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एकच: पुढची अशी बातमी छापताना आईला डेक्सामेथासोन कुठे मिळालं आणि बाळाचे डोळे कधी तपासले, हे दोन प्रश्न वार्ताहराने विचारावेत आणि उत्तरं बातमीत द्यावीत.

– नवजात शिशू कक्षातील काही परिचारिका, सातारा