खरवडलेली नावे

महोदय,

जुन्या काळातील चित्रपट कलावंतांची स्वाक्षरी असलेली छायाचित्रे जमवणाऱ्यांच्या जगात एक वाईट रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि तिच्याविषयी आपल्या पत्रातून जरा सविस्तर लिहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. कलावंताने सही करताना वर 'अमुक हिला, सस्नेह' असे कुणाचे नाव घातले असेल, तर त्या छायाचित्राला नुसती सही असलेल्या छायाचित्रापेक्षा सहसा कमी किंमत येते, कारण आपल्या भिंतीवर परक्याचे नाव अनेकांना नको असते. मग काही विक्रेते ते नावच नाहीसे करतात. कधी कडेची पट्टी कापली जाते, कधी रसायनाने शाई उडवली जाते, तर कधी सरळ पात्याने खरवडून काढली जाते.

असे एक छायाचित्र माझ्याकडे आहे. मूकपटांच्या काळातील एका अभिनेत्रीचे, आठ बाय दहा इंच आकाराचे. विकत घेताना मी ते फक्त समोरून पाहिले आणि फसलो. घरी आणून दिव्याखाली तिरपे धरले, तेव्हा तिच्या खांद्याच्या वर अंगठ्याएवढी एक जागा बाकीच्या चकचकीत पृष्ठभागात निस्तेज दिसली. भिंग लावल्यावर तेथे बारीक समांतर ओरखडे आढळले आणि त्यांच्याखाली, निबेच्या दाबाने कागदात रुतलेला, एका अक्षराचा वळसा तेवढा शिल्लक होता. ज्या व्यक्तीसाठी हे छायाचित्र लिहिले गेले, तिचा त्यावरील हक्क त्या पात्याने पुसून टाकला, याचे मला आजही वाईट वाटते.

भावनेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही खाडाखोड संग्राहकाच्याच मुळावर येणारी आहे. हॉलिवुडच्या स्टुडिओंच्या भरभराटीच्या काळात चाहत्यांना छायाचित्रे घाऊक पाठवली जात आणि त्यांवरील सह्या पुष्कळदा चिटणीस किंवा घरची माणसे करीत. काहींवर तर रबरी शिक्का असे किंवा सही चित्राबरोबरच छापलेली असे. १९३७ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारलेल्या हॉलिवुड अभिनेत्री जीन हार्लो यांच्या नावाने फिरणाऱ्या छायाचित्रांपैकी बहुतेकांवरील सह्या त्यांच्या आईच्या हातच्या आहेत, हे जाणकारांना चांगले ठाऊक आहे. अशा वेळी सहीमागचा हात ओळखायचा तो मजकुरावरूनच. बनावट सही करणारा सात-आठ फटकारे घोटून घोटून हातात बसवतो. पण पूर्ण ओळ लिहिताना अक्षरांचे जोड, शब्दांमधले अंतर, ओळीचा चढ-उतार हे सगळे सांभाळणे त्याला फार जड जाते. हार्लो यांच्या आईने मुलीच्या नावाने प्रेमाच्या ओळीही लिहिल्या, त्यामुळे नाव घातलेले छायाचित्र अस्सलच असते, असे मी म्हणणार नाही. मात्र जितका मजकूर अधिक, तितकी ताडून पाहायला जागा अधिक. खरवडणारा विक्रेता नेमका हाच पुरावा नष्ट करतो.

बाकीच्या कसोट्या उपयोगाच्या आहेत, पण त्या अपुऱ्या पडतात. शार्पी हा मार्कर १९६४ मध्ये बाजारात आला, तेव्हा १९५५ मध्ये अपघातात गेलेल्या जेम्स डीन यांची किंवा १९५७ मध्ये निधन पावलेल्या हम्फ्री बोगार्ट यांची त्या मार्करने केलेली सही खरी असणे शक्यच नाही. छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये सर्रास मिसळली जाऊ लागली ती १९५० च्या दशकात. त्यामुळे मूकपटाच्या काळातील म्हणून दाखवलेला कागद अतिनील दिव्याखाली निळसर चमकू लागला, तर शंका घ्यावी. परंतु जुने कोरे छायाचित्र मिळवून त्यावर जुन्या पद्धतीच्या शाईने आज सही ठोकणाऱ्यापुढे या दोन्ही कसोट्या हतबल ठरतात. तेथे पुन्हा हस्ताक्षराकडेच वळावे लागते, आणि छायाचित्राच्या पाठीकडेही. पाठीवरचा छायाचित्रकाराचा शिक्का, डकवलेली माहितीची चिठ्ठी, पेन्सिलीने टाकलेली तारीख यांतले काहीही पुसू नये, कितीही मळकट दिसत असले तरी.

म्हणून माझी विक्रेत्यांना विनंती आहे की, नाव काढलेले असल्यास तसे वर्णनात स्पष्ट लिहावे, जसे फाटलेला कोपरा किंवा पाण्याचा डाग आपण लिहितो. घेणाऱ्यांनी तिरप्या उजेडात काढलेला फोटो आवर्जून मागावा आणि तो द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर व्यवहार तेथेच थांबवावा. ज्यांच्या घरात आजी-आजोबांच्या नावाने लिहिलेले असे छायाचित्र असेल, त्यांनी ते उन्हापासून दूर, पीव्हीसीच्या नव्हे तर पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवावे आणि ते कुणाला, कधी, कसे मिळाले, हे वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत जपावे. पुढेमागे विकायचे ठरलेच, तर हा कागदही छायाचित्राबरोबर द्यावा.

आपला,
एक स्वाक्षरीसंग्राहक वाचक