मारुतीचे बळ दिसते, विवेकही दिसावा

महोदय,

हनुमान जयंती आली की आमच्या कराड भागात फ्लेक्सवर पिळदार दंडांचा मारुती झळकतो. बळाची उपासना हवीच. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात सातारा, सांगली, कोल्हापूर परिसरात अकरा मारुती स्थापले, ते उगाच नव्हे. पण चाफळला श्रीरामासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती पोरांनी जरा थांबून पाहावा. प्रताप मारुतीही तिथेच, देवळामागे आहे.

वाल्मीकी रामायणात अशोकवनात झाडावर बसलेला मारुती आधी विचार करतो, की आपण एकदम संस्कृतात बोललो तर सीतामाई आपल्याला रावण समजून घाबरेल. म्हणून तो आधी तिला ऐकू येईल अशी गोड शब्दांत रामकथा सांगतो. समुद्र ओलांडून आलेला वीर एका भेदरलेल्या स्त्रीच्या मनाचा एवढा विचार करतो! कॉलेजबाहेर मुलींना पाहून गाड्या रेटणाऱ्या पोरांना हा प्रसंग कोणी सांगतच नाही.

मंडळांनी यंदा डीजेचा खर्च कमी करून मुलांना चाफळ, मसूर, उंब्रज, बहे-बोरगाव फिरवून आणावे आणि वाटेत ही गोष्ट जरूर सांगावी.

– एक वाचक, कराड (जि. सातारा)